पेनाइल इम्प्लांटचं ऑपरेशन : तयारी काय करायची आणि नंतर सावरायला किती वेळ लागतो?

उत्तरेश्वर_पेठ
नमस्कार मंडळी. तालमीच्या कट्ट्यावर बसून बोलण्यासारखा विषय नाही म्हणून इथं लिहितोय. वय ५४, शुगर बरीच वर्षं आहे, गोकुळ शिरगावला फाउंड्रीत सुपरवायझर आहे. ताठरता येत नाही हा त्रास हळूहळू वाढत गेला, ताठरतेच्या गोळ्या घेऊन बघितल्या, सिल्डेनाफिल झाली, टॅडालाफिल झाली, मग लिंगात घ्यायचं इंजेक्शन शिकून घेतलं, काही काळ बरं चाललं, आता त्याचाही उपयोग होत नाही. डॉपलर केल्यावर डॉक्टर म्हणाले रक्तपुरवठाच कमी झालाय, इम्प्लांटचा, म्हणजे ताठरतेसाठी लिंगात कायमचं बसवायच्या साधनाचा विचार करा. दोन प्रकार सांगितले, एक वाकवता येणाऱ्या दांड्यांचा आणि एक पंपवाला. मिसेसशी बोलणं झालंय, ती सोबत आहे. आता ज्यांनी केलंय त्यांच्याकडून ऐकायचंय की आधी काय तयारी करावी, पहिले काही आठवडे कसे जातात, कामावर कधी जाता येतं, आणि घरी भेटायला येणाऱ्या पाहुण्यांना काय सांगायचं. गंभीरपणे विचारतोय, टिंगल नको.

मिरजकर
दादा, विचारलंत हे फार बरं केलंत. माझं पंपवालं, तीन भागांचं आहे. लिंगात दोन सिलिंडर, अंडकोषाच्या पिशवीत पंप आणि ओटीपोटात पाण्याची छोटी टाकी. बाहेरून काही दिसत नाही. पंप दाबला की टाकीतलं सलाइन सिलिंडरमध्ये येतं, काम झालं की बटण दाबून परत पाठवायचं.

आधीच सांगतो, ऑपरेशन ही सोपी बाजू आहे. तुम्ही भूल घेऊन झोपलेले असता, तास-दीड तासात होतं. खरं काम त्याच्या आधीचे महिने आणि नंतरचे सहा आठवडे. माझी तीन महिन्यांची साखर ९.५ होती, सर्जननी सरळ सांगितलं ही खाली आल्याशिवाय मी हात लावणार नाही. त्या वेळी राग आला होता पण आज त्या माणसाचे पाय धरावेसे वाटतात.

पांढरा_रस्सा
विषय गंभीर आहे म्हणून टिंगल करत नाही, पण एक प्रश्न मनापासून. ऑपरेशननंतर मटण कधी सुरू करायचं? कोल्हापुरात महिनाभर रस्सा बंद म्हणजे शिक्षाच की राव.

सिस्टर_ताई
@पांढरा_रस्सा, प्रश्न वाटतो तितका हसण्यावारी न्यायचा नाही. मी सर्जिकल वॉर्डात बरीच वर्षं काढलीत. भूल आणि दुखण्याच्या गोळ्या यामुळे बद्धकोष्ठ होतं आणि कुंथलं की नेमका तिथं ताण येतो, सूज वाढते. म्हणून पहिले काही दिवस पातळ, पचायला हलकं, पालेभाजी, ताक, भरपूर पाणी, गरज पडली तर पोट साफ होण्याचं औषध डॉक्टरांना विचारून. पोट रुळावर आलं की पांढरा चालेल, तांबडा थोडा थांबू द्या. शुगरवाल्यांनी रश्श्याबरोबर किती भाकरी आणि किती भात जातो याकडे बघावं, साखर तिथून वाढते.

आता @उत्तरेश्वर_पेठ दादांसाठी तयारीचं लिहिते. इम्प्लांट ही शरीराबाहेरची वस्तू. ती बसवताना जंतू चिकटला तर औषधाने जात नाही, बहुतेक वेळा सगळं काढावं लागतं. म्हणून सगळी तयारी जंतू दूर ठेवायची. लघवीची कल्चर तपासणी आधी करतात, इन्फेक्शन निघालं तर औषध देऊन साफ झाल्यावरच तारीख मिळते. मांडीच्या सांध्यात खाज, नायटा, गळू, फोड काही असलं तर लपवू नका, ते बरं होऊ दे. दाढ दुखत असेल, किडलेली असेल तर तीही आधी उरकून घ्या. ऑपरेशनच्या आधी क्लोरहेक्सिडीनच्या जंतुनाशक साबणाने अंघोळ सांगतात ती सांगितली तशी करा. आणि तिथले केस घरी ब्लेडने काढू नका! पुरुष मंडळी हौसेने आदल्या रात्री दाढीचं ब्लेड घेऊन बसतात, बारीक कापलं की तिथंच जंतूंना दार उघडं. केस थिएटरमध्ये आम्ही काढतो.

सिगारेट, तंबाखू, मावा बंद. जखम भरायला रक्त पोचावं लागतं, तंबाखू नेमकं तेच अडवते.

जुना_मास्तर
माहिती म्हणून भर घालतो. फुगवता येणारं इम्प्लांट १९७३ साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या ब्रँटली स्कॉट या सर्जननी आणलं, म्हणजे हे काही कालपरवाचं फॅड नव्हे, पन्नास वर्षं झाली. व्हायग्रा तर त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १९९८ साली आली. इम्प्लांटवर अँटिबायोटिकचा थर देण्याची पद्धत २००१ च्या सुमारास सुरू झाली आणि तेव्हापासून इन्फेक्शनचं प्रमाण बरंच खाली आलं. आपल्याकडे मुंबईच्या डॉ. रूपिन शाह यांनी तयार केलेलं वाकवता येणारं शाह इम्प्लांटही आहे, आयात केलेल्यांपेक्षा खूप स्वस्त. साठीच्या पुढच्या, पेन्शनवर असलेल्या माणसाला पंपवाल्याचा काही लाखांचा खर्च झेपत नाही, त्याच्यासाठी ही मोठी सोय आहे.

भावा_नाद_नाही
मला एक कळत नाही, एवढं कापाकापी करण्यापेक्षा आयुर्वेद का नाही बघत? आमच्या इथं एक वैद्य आहे, चूर्ण देतो, आठ दिवसांत फरक. शिलाजित, अश्वगंधा. सगळ्यांना फरक पडलाय.

फिजिशियन_करवीर
@भावा_नाद_नाही, मी डॉक्टर आहे, युरॉलॉजिस्ट नाही, शुगर-बीपीचे पेशंट बघतो. आठ दिवसांत फरक पडणाऱ्या ‘हर्बल’ कॅप्सूलमध्ये गुपचूप सिल्डेनाफिल मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं ढिगाने आहेत, अमेरिकेची औषधांवर नियंत्रण ठेवणारी संस्था एफडीए तर त्यावर सतत इशारे काढत असते. माणूस हृदयासाठी सॉर्बिट्रेट घेत असेल आणि वर ही कॅप्सूल घेतली तर बीपी एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. भिंतींवर आणि एसटी स्टँडच्या मुतारीत नंबर रंगवलेत त्यांच्याकडे जाऊन पैसे आणि वर्षं घालवलेले पेशंट मी दर महिन्याला बघतो. खूप वाईट वाटतं, कारण तोवर शुगरने अजून नुकसान केलेलं असतं.

आणि धागाकर्त्यांसाठी महत्त्वाचं. लिंगाच्या रक्तवाहिन्या साधारण १ ते २ मिलिमीटरच्या, हृदयाच्या ३ ते ४ मिलिमीटरच्या. म्हणून रक्तवाहिन्या बुजायला लागल्या की आधी लिंगात कळतं आणि काही वर्षांनी छातीत. ताठरता जाणं ही हृदयाची आगाऊ सूचना असू शकते. ईसीजी, टूडी एको आणि गरज असेल तर पुढची तपासणी ऑपरेशनच्या फॉर्मसाठी म्हणून नका करू, स्वतःसाठी करा.

शुगरच्या गोळ्यांबद्दल आणखी एक. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीतून साखर बाहेर टाकतात. औषध चांगलं आहे पण त्याने काहींना लिंगाच्या टोकाच्या कातडीला बुरशी, खाज येते. आणि मोठ्या ऑपरेशनच्या निदान तीन दिवस आधी या गोळ्या थांबवाव्या लागतात, नाहीतर उपाशीपोटी रक्तात कीटोन वाढण्याचा धोका असतो. स्वतःहून बंद करू नका, तुमच्या शुगरवाल्या डॉक्टरांना आणि भूल देणाऱ्यांना दोघांनाही यादी दाखवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही तेच.

बुलेट_राजारामपुरी
डॉक्टर साहेब १००% खरं. माझे मावसभाऊ याच तक्रारीसाठी गेले, तपासणीत हृदयात ब्लॉक निघाला. आधी स्टेंट, इम्प्लांट नंतर. आज दोन्ही ठणठणीत.

म्हसरंवाला
मी राधानगरी साइडचा, माझं बी झालंय, ती वाकवायची दांडीवालं. गाडी पलटी हून कंबरेचं हाड मोडलं तवापास्नं बंदच झालं हुतं समदं. मी सांगतो, लाजायचं न्हाई. पन एक सांगतो दादा, धार काढायला उकिडवं बसता येत न्हाई लई दिस. म्हसरं थोरल्या पोराकडं दिली. डाक्टर म्हनलं सहा आठवडं वजन उचलायचं न्हाई, वैरणीचा भारा न्हाई, दुधाचं कॅन न्हाई. मी ऐकलं. शेजारचा म्हनतूय काय झालंय तुला, म्हनलं आंतर्गळाचं आपरेशन केलंय. झालं, गप बसला.

दांडीवाल्याला पंप शिकायची भानगड न्हाई. वर केली की वर, खाली केली की खाली. कायम थोडी ताठ राहती, पँटीत बाजूला वळवून ठेवायची. धोतरात तर काहीच कळत न्हाई.

उत्तरेश्वर_पेठ
@म्हसरंवाला दादा, धन्यवाद, तुमचं वाचून धीर आला. @मिरजकर, पहिला आठवडा जरा सविस्तर सांगाल का? खरं सांगा, घाबरवलं तरी चालेल.

मिरजकर
सांगतो. भूल उतरल्यावर लघवीची नळी असते, ती बहुतेक दुसऱ्या दिवशी काढतात. काहींना पिशवीत एक बारीक ड्रेनची नळी पण ठेवतात, रक्त साठू नये म्हणून. मग तुम्ही खाली बघता आणि हबकता. पिशवी सुजून नारळाएवढी होते, आणि रंग आधी जांभळा, मग काळानिळा, मग हिरवट-पिवळा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी नर्सला हाक मारली, ती म्हणाली काका हे असंच असतं. आणि खरंच असंच असतं, मांडीपर्यंत उतरतं आणि जिरतं.

दुखणं पहिले काही दिवस चांगलंच असतं, गोळ्या वेळेवर घ्या, दुखायला लागल्यावर घेऊ म्हणून थांबू नका. लिंग वरच्या बाजूला, पोटाशी टेकवून ठेवायला सांगतात, घट्ट आतल्या चड्डीत. खालती लोंबकळू द्यायचं नाही, म्हणजे बरं होताना ते खाली वाकडं बसत नाही. बर्फ शेकायचा तो टॉवेलमध्ये गुंडाळून, थेट कातडीवर नाही. झोपताना पिशवीखाली टॉवेलची घडी ठेवून तिला उंच आधार द्यायचा, याने माझी सूज सगळ्यात जास्त उतरली.

दुसऱ्या आठवड्यापासून हळूहळू पिशवीतला पंप रोज हलक्या हाताने खाली ओढायला सांगतात. आधी हिंमतच होत नाही, पण तो वर सरकून तिथंच चिकटून बसला तर नंतर हाताला सापडत नाही. गरम पाण्याने अंघोळ सुरू झाली की तेव्हा करायचं, पिशवी सैल असते.

गंगावेस_लंगोट
अरे भावा, आधार म्हटलं की आपलं लंगोटच की! तालमीत आयुष्य गेलं आमचं. स्पोर्ट्स सपोर्टर आणायला लोक दुकानं शोधतात, मी म्हणतो आपला लंगोट त्याहून भारी, पाहिजे तेवढा ताणता येतो.

सिस्टर_ताई
@गंगावेस_लंगोट दादा, आधाराची कल्पना बरोबर आहे पण पहिले दोन आठवडे लंगोट नको. पैलवानी लंगोट खाली दाबून, मागे ओढून बांधतात, इथं लिंग वर राहायला पाहिजे, आणि टाक्यांवर पट्टा घासायला नको. शिवाय तालमीतला लंगोट घामाचा. मेडिकलमध्ये सुती सपोर्टर मिळतो, एक साइज मोठा घ्या कारण सुजेत नेहमीचा बसत नाही, आणि तीन-चार घ्या म्हणजे रोज धुतलेला मिळेल. तुमच्या जोर-बैठका पण सहा आठवडे बंद हां.

गंगावेस_लंगोट
मान्य ताई. सर्जन म्हणतील तेव्हाच आखाडा.

वहिनी_शाहूपुरी
मी इथं बहुधा एकटीच बायको लिहितेय, पण लिहायला हवं. माझ्या मिस्टरांचं प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, त्यानंतर हे. मुंबईला गेलो होतो.

पुरुषांनो, ऑपरेशन तुमच्या शरीरावर होतं पण निर्णय दोघांचा असतो. आमच्या सर्जननी मला आत बोलावलं, मॉडेल हातात दिलं, पंप दाबून बघा म्हणाले. मला रडू आलं कारण तोवर कुणी मला काही विचारलंच नव्हतं. यांच्या बोटांना शुगरमुळे बधिरपणा आहे, चिमटीत जोर नाही. म्हणून पंपवालं घ्यायचं का दांडीवालं यावर आम्ही बराच विचार केला, आणि मी शिकेन म्हटल्यावर पंपवालं घेतलं. आज पंप मीच चालवते. पिशवीत हाताने चाचपून तो शोधायचा, लसणाच्या मोठ्या पाकळीएवढा लागतो. एका हाताने त्याच्या वरची नळी धरायची म्हणजे तो निसटत नाही, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने आणि दोन बोटांनी पूर्ण दाबायचा आणि पूर्ण सोडायचा, फुगू द्यायचा, मगच पुन्हा. पहिला दाब जड जातो, पुढचे सोपे. सोडायचं बटण वेगळं, वरच्या बाजूला, ते दाबून धरायचं आणि लिंग हलकेच दाबून पाणी परत जाऊ द्यायचं. हे सगळं आम्ही घाईने शिकलो नाही, संध्याकाळी दार लावून, चहा पिऊन, हसत शिकलो.

दुसरं, अपेक्षा. यांना वाटत होतं तरुणपणासारखं होईल. सर्जन म्हणाले लांबी वाढत नाही, उलट आधीपेक्षा थोडी कमी वाटू शकते, आत्ता हाताने ओढून जेवढं लांब होतंय साधारण तेवढंच मिळणार. टोक आधीसारखं फुगत नाही. पण जाणीव तशीच राहते, तृप्ती मिळते. हे आधी ऐकलं होतं म्हणून नंतर नाराजी नाही झाली.

मिरजकर
वहिनी, तुमचा प्रतिसाद वाचून घरी दाखवला. आमच्या हिने वाचून मान डोलावली.

इचलकरंजी_एक
माझं वय २९, लग्नाला वर्षही नाही. नीट होत नाही. मी पण इम्प्लांट करून टाकू का? पैसे आहेत. लवकर संपवायचंय हे टेन्शन.

फिजिशियन_करवीर
भावा, थांब. सकाळी उठल्यावर किंवा एकटा असताना ताठरता येते का? येत असेल तर यंत्रणा चालू आहे, अडचण ताण, भीती, झोप, दारू, नवीन लग्नाचं दडपण यात असण्याची शक्यता जास्त आणि ती बरी होते. इम्प्लांट बसवताना आतली नैसर्गिक स्पंजसारखी पेशी कायमची दबते, नंतर काढलं तरी पूर्वीसारखी आपोआप ताठरता येत नाही आणि गोळ्याही काम करत नाहीत. म्हणून ही शेवटची पायरी. तपासणी, शुगर, टेस्टोस्टेरॉन, समुपदेशन, गोळ्या, व्हॅक्युम पंप, इंजेक्शन, हे सगळं आधी. बायकोला सोबत घेऊन युरॉलॉजिस्टकडे जा. तू एकटा नाहीस, माझ्याकडे तुझ्या वयाची बरीच मुलं येतात.

इचलकरंजी_एक
सकाळी येते डॉक्टर. थँक्यू. खरंच थँक्यू.

कसबा_बावडा_९
आता मी वेगळं सांगतो, सगळं गोड गोड नको. माझं इन्फेक्शन झालं. कुठं केलं ते लिहीत नाही, त्याची गरज नाही, सगळी काळजी घेऊनही होऊ शकतं असं मला दुसऱ्या सर्जननीही सांगितलं. चौथ्या आठवड्यात दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढायला लागलं, पंप पिशवीच्या कातडीला चिकटल्यासारखा, मग ताप, मग जखमेतून पाणी. सगळं काढावं लागलं. काही महिन्यांनी पुन्हा बसवलं पण आत व्रण झालेले असल्यामुळे लांबी कमी झाली. तरी पुन्हा केलं याचा पश्चात्ताप नाही.

म्हणून नव्या लोकांना हात जोडून सांगणं आहे, दुखणं रोज थोडं कमी व्हायला हवं, मध्येच उलटं वाढायला लागलं, लाली पसरली, ताप आला, पू किंवा वास आला की रात्र असली तरी फोन करा. बघू सकाळी असं नको. लवकर पकडलं तर काही वेळा सगळं धुऊन त्याच वेळी नवीन बसवता येतं, उशीर झाला की ती संधी जाते.

सिस्टर_ताई
कसबा बावडा दादांनी हे लिहिलं हे सगळ्यात मोलाचं. प्रमाण फार नाही, पहिल्यांदा बसवताना साधारण शंभरात एक ते तीन, पण साखर वाढलेली असली किंवा दुसऱ्यांदा बसवत असले तर जास्त.

शिवाजीपेठकर
माझं मत, डोळे झाकून मुंबईला जा. जे सर्जन हेच वारंवार करतात त्यांच्याकडेच. आपल्याकडे वर्षातून एखादं करणाऱ्याकडे कशाला?

मिरजकर
@शिवाजीपेठकर, अर्धं पटतं. अनुभव महत्त्वाचा, ‘तुम्ही अशी किती केली आहेत’ हे तोंडावर विचारायचं, चांगला सर्जन रागावत नाही. पण मुंबईहून परत येताना गाडीत बसायचं आहे, आणि टाका उसवला तर रात्री कुणाला दाखवणार? माझ्या ओळखीचे एक जण पुण्याहून आले, हायवेला काम चालू, डायव्हर्जन आणि खड्डे, प्रत्येक खड्ड्याला डोळ्यात पाणी. मिरजेत, कोल्हापुरात चांगले युरॉलॉजिस्ट आहेत, त्यांना विचारा, नसेल करत तर ते स्वतः पुढे पाठवतात. आणि बाहेर केलंच तर इथल्या एकाशी आधीच बोलून ठेवा की नंतर ड्रेसिंग तुम्ही बघाल का.

वहिनी_शाहूपुरी
बरोबर. आम्ही मुंबईला पहिल्या तपासणीपर्यंत बहिणीकडे राहिलो आणि मग महालक्ष्मी एक्सप्रेसने आलो, खालचा बर्थ, आडवं पडून. गाडीपेक्षा कितीतरी बरं.

शिवाजीपेठकर
रेल्वेचं सुचलंच नव्हतं. मान्य.

पांढरा_रस्सा
पाहुण्यांचा प्रश्न राहिलाच की. आपल्याकडे कुणी ॲडमिट झालं कळलं की अख्खी गल्ली शहाळी घेऊन हजर. आणि प्रत्येकाला टाके बघायचे असतात.

जुना_मास्तर
खरं आहे हे. ‘लघवीच्या जागेचं ऑपरेशन’ एवढंच सांगावं, ते खोटंही नाही. खोलात कुणी शिरलं तर ‘डॉक्टरांनी जास्त बोलायला मनाई केलीय’. मुलांना मात्र मोठी असतील तर नीट सांगावं असं मला वाटतं. माझ्या मुलाला मी सांगितलं, तो म्हणाला बाबा मीच गाडी काढतो.

बुलेट_राजारामपुरी
मोठ्या मुलांना सांगायचं? मला नाही पटत मास्तर. काही गोष्टी नवरा-बायकोतच राहाव्यात.

जुना_मास्तर
घराघराचं वेगळं, तुमचंही चूक नाही. मी आजारपण म्हणून बघतो. कुणाचा चष्मा, कुणाचा गुडघा. फक्त एक, घरात निदान एका माणसाला माहिती हवी. उद्या मला वेळप्रसंगी बेशुद्ध नेलं तर डॉक्टरांना सांगणारं कुणीतरी पाहिजे की इथं इम्प्लांट आहे.

फिजिशियन_करवीर
मास्तरांचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. लघवीची नळी घालायची वेळ आली तर आधी सिलिंडर रिकामे करावे लागतात आणि नळी जपून घालावी लागते. हर्नियाचं किंवा ओटीपोटाचं दुसरं ऑपरेशन निघालं तर सर्जनला टाकी कुठं आहे ते माहीत असावं. एमआरआय आजकालच्या बहुतेक इम्प्लांटमध्ये करता येतो पण मॉडेल बघून. कंपनीचं कार्ड मिळतं, ते आधार कार्डासारखं पाकिटात ठेवा आणि त्याचा फोटो बायकोच्या मोबाइलमध्ये.

बुलेट_राजारामपुरी
कार्डाचं पटलं. डॉक्टर, एक विचारायचं होतं, बुलेट कधी? आणि पंपवाल्याचं आयुष्य किती?

मिरजकर
बुलेट सहा आठवड्यांनंतर सर्जनने ओके दिल्यावरच. मी तर आधी ॲक्टिव्हाच काढली, रंकाळ्याला एक चक्कर मारून आलो, मग मोठी. पंप चालू करायला साधारण चार ते सहा आठवड्यांनी बोलावतात, क्लिनिकमध्येच पहिल्यांदा फुगवतात, ते थोडं दुखतं, आधी दुखण्याची गोळी घेऊन जा. मग घरी रोज फुगवून काही वेळ ठेवायचं आणि सोडायचं, म्हणजे इम्प्लांटभोवती जे पेशींचं आवरण तयार होतं ते आखडत नाही. संबंध त्यानंतर, सर्जन सांगतील तेव्हा. आयुष्य म्हणाल तर दहा वर्षांनंतरही बहुतेकांची चालू असतात, पण यंत्र आहे, कधीतरी नळी गळू शकते, तेव्हा बदलावं लागतं. दांडीवाल्यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतं, तो त्याचा फायदा.

म्हसरंवाला
आमचं न्हाई बिघडायचं. पैसं बी कमी लागलं.

उत्तरेश्वर_पेठ
मंडळी, सगळं वाचून काढलं, मिसेसनेही वाचलं. कालच रिपोर्ट आला, एचबीएवनसी, म्हणजे ती तीन महिन्यांची साखर, ८.९ आहे. सर्जननी तारीख पुढं ढकलली, आठच्या खाली आणा म्हणाले, तोवर नाही. मला वाईट वाटलं होतं पण कसबा बावडा दादांचं वाचल्यावर आता नाही वाटत. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. फाउंड्रीत भट्टीजवळ उभं राहायचं काम आहे, घामाने त्रास होईल का? आणि मिसेस म्हणतेय पंपवालंच घेऊ, पण पैसे बघता माझं मन दांडीवाल्याकडे जातंय.

सिस्टर_ताई
दादा, ८.९ वरून खाली यायला तीन महिने द्या, ही तपासणी तीन महिन्यांचीच सरासरी असते. भट्टीची ड्युटी पहिले सहा आठवडे नको, टेबलचं काम असेल तर दोन-तीन आठवड्यांनी बघता येईल. डॉक्टरांकडून फिटनेसचं सर्टिफिकेट घ्या, त्यावर ‘वजन उचलणे आणि उष्णतेजवळचे काम वर्ज्य’ असं लिहून मागा, ऑपरेशनचं नाव घालायची गरज नसते. जमलं तर तारीख थंडीत घ्या, उन्हाळ्यात सपोर्टर घालून फार घाम येतो.

वहिनी_शाहूपुरी
आणि पैशाचं. इन्शुरन्सवाल्यांना आधी लेखी विचारा, बऱ्याच पॉलिसीत हे बसत नाही. मग तुमच्या बोटांची ताकद, कामाचं स्वरूप, खर्च, तिघं मिळून ठरवा, तुम्ही, वहिनी आणि सर्जन. वहिनीला मॉडेल हातात घेऊन बघू द्या. दोन्ही प्रकार हातात घेतल्यावर निर्णय पटकन होतो.

म्हसरंवाला
आन दादा, चहात साखर बंद. गुऱ्हाळावरचा काकवी बी न्हाई ह्या हंगामात. मी पाळलंय.

उत्तरेश्वर_पेठ
बंद केली. मंगळवारी शुगरवाल्या डॉक्टरांकडे दोघं जातोय, ती डापाग्लिफ्लोझिन माझ्या यादीत आहे, त्याबद्दल विचारतो. दाढ पण किडलीय एक, तीही याच आठवड्यात दाखवतो. पुढचा रिपोर्ट आला की इथंच टाकीन.